पुरी एक वीत

थोरली वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि धाकटी बहीण खाली, पाचरी सरकवायला. अवजड मशीन काँक्रीटच्या पायावर बसवायचं, पण मशीनच्या पोटाखालचं वरून काही दिसत नाही. म्हणून तिथे एक डबा लावायचे. किती अंतर उरलं ते सांगायला तो शिट्टी वाजवायचा, वायरलेसवरून थोरलीच्या कानात. मशीन खाली आलं की शिट्टी चढायची. खरखर आली की दोन-चार बोटं चुकायची. रोजच चुकायची, आणि मुकादम रोज आईबहीण काढायचा.

धाकटीला स्वस्थ बसवेना. तिने डबा खोलला आणि एका शिट्टीच्या दोन केल्या. जाड शिट्टी सांगणार किती वीत उरल्या, बारीक सांगणार वर किती बोटं.

"आता केसाएवढीही चूक नाही," ती मुकादमाला म्हणाली.

"आणि खरखर वाढली तर?"

"तर जाड शिट्टी घसरेल. मग पुरी एक वीत चुकेल."

"उद्या चुकली तर डब्यासकट गेटबाहेर."

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मशीन खाली येत होतं तोच शेजारी वेल्डिंग सुरू झालं. थोरलीच्या कानात नुसती तळणासारखी खरखर. तिने लिव्हर थांबवला.

"जाड शिट्टी हलतेय. वेल्डिंग बंद करा."

"तुझ्या कानांसाठी काम बंद ठेवू?" मुकादम वायरलेसवर ओरडला. "मग जुना डबा काय चावत होता?"

"ताई, सोड गं. चालतंय," धाकटी म्हणाली.

खोटं बोलत होती. थोरलीला ते आवाजावरूनच कळलं. पडू दे एकदा तोंडावर, तिला वाटलं. कानात आलं होतं एक वीत, दोन बोटं. तिने वीतभर एकदम सोडलं.

खाली उरली होती दोनच बोटं. आणि त्यात धाकटीचा हात, पाचर सरकवणारा.

किंकाळी ऐकून वेल्डर थांबला. खरखर गेली. आता धाकटी अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

थोरलीने मशीन उचललं. खाली कुणीतरी हातावर फडकं गुंडाळलं.

"ताई, किती ऐकलंस?"

"एक वीत, दोन बोटं."

"म्हणजे डबा बरोबर आहे," धाकटी दात आवळून म्हणाली. "मी म्हटलं तेवढाच चुकला."

"हिला गाडीत घाला," मुकादम म्हणाला. "आणि जुना डबा आणा, मशीन लटकतंय."

थोरली उठली.

"तू कुठे निघालीस?" मुकादम ओरडला.

ती परत बसली.