पाणी पिणारी पूड

कासुबानं प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि ओरडलीच. तिनं मोठ्या हौसेनं ओतलेल्या राळेच्या दहाच्या दहा चकत्या पिण्याच्या पाण्याच्या बादलीत बुडून पडल्या होत्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर जेरे खिडकीत शेंगदाणे खात पोट धरून हसत होते. "शुक्रवारीच टाकल्या गं. म्हटलं बेंबांच्या चकत्या, तहानल्या असतील. माकडं खाऊन घशाला कोरड पडते ना तुमच्या!"

"आणि तुम्ही न्गोनी, उंदीर खाऊन अक्कलही तेवढीच झालीय!" ती म्हणाली खरी, पण नजर घड्याळावर होती.

खाणींच्या किटवे शहरात बेंबा आणि न्गोनी या दोन जमाती म्हणजे थट्टेचे भाऊबंद. वाट्टेल ते बोला, वाट्टेल ती खोडी काढा, समोरचा रागावू शकत नाही. रागावला की गावभर हसू. पण मेला आजचाच मुहूर्त सापडला होता का? तांब्याच्या खाणीचे इंजिनियर कापेम्ब्वा यायची वेळ झाली होती. पाच चकत्या साध्या राळेच्या, पाचांत डोळ्यालाही न दिसणाऱ्या बारीक दाण्यांची वाळूची पूड. पूडवाली चकती फुटण्याआधी जास्त व्होल्टेज सोसते, म्हणजे केबलचं आवरणही सोसेल, असं कासुबाचं म्हणणं. खाणीला पटलं तर तिचं संशोधन पुढे चालणार, नाहीतर गाशा गुंडाळून मन्सा गावी, मामांच्या दुकानात खिळे विकायला.

"अगं, मला त्या टाकाऊ वाटल्या," जेरे आता वरमले.

तेवढ्यात कापेम्ब्वा आलेच. तिनं चकत्या पुसल्या, चाचणीयंत्राच्या तेलात ठेवल्या आणि व्होल्टेज चढवत नेलं. टक्! पूडवाली फुटली. दुसरी लावली, तीही फुटली. पाचही अशाच गेल्या. साध्या मात्र पठ्ठ्या त्यांच्या कितीतरी पुढे जाऊन फुटल्या.

कापेम्ब्वांनी बॅग उचलली.

"झालं समाधान?" कासुबा जेरेंवर कडाडली. "माझं वर्ष बुडवलंत त्या बादलीत! खड्ड्यात गेली तुमची थट्टा!"

जेरेंचा चेहरा उतरला. थट्टेवर कुणी असं खरोखर चिडलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कासुबालाही लाज वाटली. ती मान खाली घालून फुटक्या चकत्या गोळा करू लागली, आणि मध्येच थबकली.

"थांबा हो जरा. साध्याही त्याच बादलीत होत्या ना?"

"दहाही," जेरे हळूच म्हणाले.

"मग त्या कशा टिकल्या? पाणी पूडच पिते! म्हणून माझ्या पावसाळ्यातल्या चकत्या दरवेळी बिघडायच्या. मी आपली उगाच स्वतःच्या हाताला शिव्या घालत बसले!"

कपाटात काचेच्या झाकणाखाली वाळत ठेवलेली एक जास्तीची, अकरावी पूडवाली चकती उरली होती. तिनं ती लावली. व्होल्टेज चढत गेलं, साध्यांचा आकडा मागे पडला, तरी चकती हूं की चूं करेना. फुटली ती फार वर जाऊन.

"वा!" कापेम्ब्वांनी बॅग खाली ठेवली. "बादलीची भानगड तुमची तुम्ही निस्तरा. मी हीच वर साहेबांना दाखवतो. काय, टाकू अशी केबल खाणीत?"

एका होकाराचं काम होतं. जेरे मागून डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण, बाई, हो म्हण. कासुबाच्याही ओठांवर हो आलंच होतं.

"नको," ती म्हणाली. "खाणीत खाली पाणी ठिबकतं. आधी दाण्यांवर पाणी धरणार नाही असं अस्तर चढवायला हवं. जमेल की नाही, आज सांगता येणार नाही."

"मी तर तुम्हाला पाण्याचं विचारलंही नव्हतं."

"खाली माणसं असतात ना हो."

कापेम्ब्वांनी फुटलेली चकती तिच्या हातात परत दिली.

"कोरड्या चकत्यांसाठी मी आता साहेबांकडे शब्द टाकणार नाही," ते म्हणाले. "पाण्यात टिकणाऱ्यांसाठी टाकतो. अस्तराच्या कामाला लागा."

ते गेल्यावर कासुबा स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. जेरे शेजारी उभे राहिले. त्यांनी उरलेले शेंगदाणे तिच्यापुढे ठेवले.