काटकोनातली पट्टी

शिंपीकाकांच्या घोट्यावरची जखम मधुमेहामुळे आठ महिने भरायचं नाव घेत नव्हती. तिथवर रक्तच पोचत नव्हतं. डॉक्टर पुतणीने नवी पट्टी लावली. तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे कण म्हणे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात.

"आठवडाभर हात लावायचा नाही," तिने दम भरला.

आठव्या दिवशी तिने पाय निरखला. "काका, उघडून पाहिलंत ना?"

"छे! तुझी शपथ."

"मी घाईत तिरकी लावली होती. ही काटकोनात आहे."

काका वरमले. "तिरकं काम बघवत नाही गं मला."

तिने पट्टी अलगद काढली. आत लालचुटूक ठिपका चमकला.

"अरे देवा, रक्त आलं?"

"आलं एकदाचं!" ती म्हणाली, आणि रागवायचं विसरूनच गेली.