गुरुवारचा कप्पा

मित्रांनो, मला सात दारे आहेत. त्यांतल्या पाचांच्या आत आता काहीच नाही. उरलेल्या दोन दारांआड काय आहे, ते फक्त मला ठाऊक आहे. मी गोळ्यांचा एक जुना डबा आहे. लांबट, एके काळी पांढराशुभ्र, आता कडेने पिवळा पडलेला. प्रत्येक झाकणावर वाराचे पहिले अक्षर होते. बोटे लागून लागून त्यांतली काही पुसली गेली. ‘गु’ मात्र अजून ठसठशीत आहे. का, ते पुढे सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साचा मिटला, उघडला आणि माझ्यासारखे आठ डबे एकदम बाहेर पडले. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत. अंगठ्याने झाकण उघडायचे, मिटायचे, ‘टक्’ असा आवाज आला की डबा पास. माझे चौथे झाकण, गुरुवारचे, फार घट्ट बसले होते. त्यांनी ते दोनदा उघडून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, “जाऊ दे, चालेल. प्रत्येक घरात एक तरी हट्टी असतोच.” अशा रीतीने माझा दोष माझ्याबरोबरच जगात आला.

पुढे मी औषधांच्या दुकानात काचेच्या कपाटात पडून होतो. एका बाजूला मलमाच्या नळ्या, दुसऱ्या बाजूला थर्मामीटर. रोज माणसे येत, घाईने औषधे घेऊन जात. माझ्याकडे कुणी पाहत नसे. एकदा दुपारी दोन बायका आल्या. एक उंच, खणखणीत आवाजाची. दुसरी बुटकी, हातातली पिशवी छातीशी धरलेली. उंच बाईंनी मला उचलले, सातही झाकणे मोजली आणि म्हणाल्या, “सात सीट. छान. उभ्याने प्रवास कुणालाच नको.”

या बाई तीस वर्षे बसमध्ये कंडक्टर होत्या. बुटक्या बाई त्यांच्या नणंद. कंडक्टरबाई त्यांना ‘वन्सं’ म्हणत, आणि त्या यांना ‘वहिनी’. कंडक्टरबाईंचे यजमान वारल्याला बरीच वर्षे झाली होती. तेव्हापासून दोन खोल्यांच्या त्या घरात या दोघीच राहत. भांडायला दोघी होत्या, मध्ये पडायला कुणी नव्हते, त्यामुळे भांडणे लवकर मिटत.

घरी जाताना त्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंच्या दारात थांबल्या. तिथे मला सारी हकिकत कळली. कंडक्टरबाईंना स्तनाचा कर्करोग होता. काही वर्षांपूर्वी गाठ काढली होती, पण आजार आतल्या आत हाडांपर्यंत जाऊन बसला होता. आधीची औषधे आता त्याला जुमानत नव्हती. मात्र एक नवीन गोळी आली होती, आणि तपासणीत दिसले होते की ती त्यांच्या आजाराला लागू पडेल.

“म्हणजे बरं होणार?” शिंपीणकाकूंनी विचारले.

“बरं नाही,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आजार जाणार नाही, पण दबून राहील. कुणाला काही महिने मिळतात, कुणाला काही वर्षं. गाडी जुनीच, पण अजून काही फेऱ्या मारेल.” मग वन्सं दोन पायऱ्या वर गेल्या आहेत हे पाहून त्या हळूच म्हणाल्या, “मला शंभर वर्षं नकोत हो. पण ह्या एकट्या जेवत नाहीत. माझी ड्यूटी संपेपर्यंत तीस वर्षं ताट झाकून बसल्यात. मी नसले तर ताट तसंच राहील. तेवढी सवय मोडेपर्यंत तरी वेळ मिळू दे.”

मित्रांनो, त्या एवढेच मागत होत्या. मी ते मनात ठेवले.

दुसऱ्याच दिवशी शिंपीणकाकूंनी माझ्या मापाची निळी पिशवी शिवून आणली. माझ्या कामाचे दिवस सुरू झाले. दर रविवारी वन्सं चष्मा पुसून मला भरायला बसत. नव्या गोळीची रीत वेगळी होती. तीन आठवडे रोज एक गोळी, आणि चौथा आठवडा पूर्ण विश्रांती. त्या आठवड्यात वन्सं मला धुऊन खिडकीत पालथा घालत. गुरुवारचे झाकण दर वेळी अडे, आणि कंडक्टरबाई चमच्याच्या मागच्या टोकाने ते उचकटत. “गुरुवार आज पुन्हा संपावर,” त्या म्हणत. बोट कमी आणि चमचा जास्त लागल्यामुळे ते अक्षर टिकले.

निळ्या पिशवीतून मी दवाखान्यातही जात असे. तिथल्या लांब बाकावर बायका बसलेल्या असत. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या पर्समध्ये वर्तमानपत्राचे जपून घडी घातलेले कात्रण. ‘नवे औषध’ एवढे दोन शब्द कुणी उच्चारले की बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माना वळत. एका चष्मेवालीचे दुसरे औषध संपून तिसरे चालू होते. तिच्या आजाराची जात वेगळी निघाल्याने ही गोळी तिच्या कामाची नव्हती. ती माझ्याकडे फार वेळ बघत राही. एकदा तिने विचारून मला हातात घेतले, एक झाकण उघडून आत पाहिले, आणि पुन्हा अलगद मिटून परत दिले.  कंडक्टरबाईंनी तिला खिडकीजवळची जागा दिली.

तीन महिन्यांनी तपासणीचा निकाल आला. हाडांतले डाग लहान झाले होते. नर्सबाईंनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवले आणि डबा असा नीट भरावा म्हणून सांगितले. माझी मान, म्हणजे माझी सात झाकणे, अभिमानाने ताठ झाली. वन्संना चालताना पायऱ्या दिसेनात, इतके डोळे भरले होते.

आणि तिथेच चूक झाली. कंडक्टरबाईंनी नोकरीत कधी हक्काची रजासुद्धा पुरती घेतली नव्हती. निकालानंतरच्या विश्रांतीच्या आठवड्यात त्या खिडकीतल्या माझ्याकडे सारख्या बघत. महिन्यातून तीनच आठवडे गोळी घेऊन आजार इतका मागे हटला, तर चौथ्यातही गोळी घेतली तर किती हटेल, असा हिशेब त्यांच्या मनात चालला होता. दवाखान्याने त्या वेळी दोन महिन्यांच्या बाटल्या एकदम दिल्या होत्या. वन्सं भाजी आणायला गेल्या असताना त्यांनी मला सरळ केले, दुसरी बाटली उघडली आणि सातही कप्पे भरले. वन्संनी विचारल्यावर डॉक्टरांनीच सांगितले, असे ठोकून दिले.

मला सात झाकणे आहेत, पण तोंड एकही नाही. रोज सकाळी ‘टक्’ असा आवाज होई आणि मी आतल्या आत ओरडत असे. पोटात औषध असून इतके एकटे मला कधी वाटले नव्हते.

सातवी गोळी घेतली त्याच दिवशी त्यांना सणकून ताप भरला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या आपल्याला आजारांपासून राखतात, त्या फार कमी झाल्या होत्या. गोळी त्यांनाही दाबते, आणि त्या पुन्हा वाढाव्यात म्हणूनच चौथा आठवडा मोकळा असतो. कंडक्टरबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. वन्सं त्यांच्या खाटेपाशी मला मांडीवर घेऊन बसत. रिकाम्या डब्यालाही माणसे कशी घट्ट धरतात, हे मी तेव्हा पाहिले.

बाटलीतल्या गोळ्या मोजल्यावर सारा प्रकार उघड झाला होता, तरी ताप उतरल्यावर नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, “बाई, गाडी रोज डेपोत कशाला नेत होता?”

“धुवायला. तेलपाण्याला.”

“मग?”

 “डेपोतली गाडी मी ओढून बाहेर काढली म्हणा की,” कंडक्टरबाई म्हणाल्या. मग वन्संकडे वळून त्यांनी खोटे बोलल्याची माफी मागितली. वन्संनी माफी दिली नाही, फक्त पांघरूण नीट केले. त्यांच्यात ते एकच होते.

गोळी पुन्हा सुरू झाली, थोड्या कमी ताकदीची. पण विश्रांतीचा आठवडा आला की रिकामे कप्पे बघून कंडक्टरबाईंचा जीव वरखाली होई. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. जाड कागदाची तिकिटे कापली आणि एकेका कप्प्यात एकेक ठेवले. ‘सोमवार. बागेतला बाक. प्रवासी दोन.’ ‘मंगळवार. नदीचा पूल, जमेल तिथपर्यंत. प्रवासी दोन.’ सकाळी वन्सं झाकण उघडून तिकीट वाचत, दोघी जाऊन येत, आणि आल्यावर कंडक्टरबाई आपल्या जुन्या पंचने तिकिटाला भोक पाडत. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तो पंच त्यांना भेट दिला होता. चौथ्या आठवड्याची दोघी वाट बघू लागल्या.

असे दीड वर्ष मिळाले. मग तपासणीत नवे डाग दिसले. आजाराने गोळीला ओळखले होते. डॉक्टरांनी आणखी एक नवे औषध सुचवले, ते शिरेतून सलाईनसारखे द्यायचे होते. बाकावर पुन्हा माना वळल्या, पुन्हा आशा बसली. आता मात्र त्यात माझे काम नव्हते. निळी पिशवी खिळ्याला लटकली आणि मी खिडकीत धूळ खात पडलो. त्या औषधानेही पाच महिने दिले. कमी नव्हेत ते. पुलापर्यंत नाही, पण बागेपर्यंत त्या जात होत्या.

शेवटच्या रविवारी कंडक्टरबाईंनी मला मागून घेतले. वन्सं मला देऊन अंघोळीला गेल्या. कंडक्टरबाईंनी सात तिकिटे लिहिली आणि भरली. सोमवार, मंगळवार आणि बुधवार या दिवसांवर ‘प्रवासी दोन’ होते. गुरुवारच्या तिकिटावर काय लिहिले ते मला लगेच कळले, कारण ते माझ्याच आत होते. सोमवार ते बुधवार दोघी खोलीतून खिडकीपर्यंत गेल्या. बुधवारी संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेले. गुरुवारी घरी वन्सं एकट्याच परत आल्या.

त्यानंतरचे महिने कसे सांगू? वन्सं दुपारी दोन ताटे वाढत. एक झाकत आणि दुसऱ्यापुढे बसून राहत. मग दोन्ही उचलून ठेवत. त्या सुकत चालल्या. शिंपीणकाकू दार वाजवून जेवायला बोलवत, त्या आतूनच नको म्हणत. मी हाताच्या अंतरावर होतो, आणि ज्या चार शब्दांची त्यांना गरज होती ते माझ्या पोटात होते. घट्ट झाकणाखाली.

एका गुरुवारी त्या खिडकी पुसायला आल्या. मलाही पुसले. मी हातात हलका लागलो नसेन, काहीतरी खुळखुळले असेल. त्यांनी झाकण ओढले, अडले. त्या स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आल्या आणि मागच्या टोकाने ते उचकटले.

‘गुरुवार. शिंपीणकाकूंकडे जेवण. आपले ताट घेऊन जाणे. प्रवासी एक.’

त्या खाली बसल्या.  मग उठून त्यांनी एक ताट वाढले, एकच, आणि पदराने झाकून दार उघडून खाली गेल्या. भर दुपारी घरात मी एकटा राहिलो. रिकामे घर मला आधी कधी सोसले नव्हते. त्या दिवशी ते मला फार चांगले वाटले.

परत आल्यावर त्यांनी ताट धुतले, खणातून पंच काढला आणि तिकिटाला भोक पाडले. ‘टक्’. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून शुक्रवार उघडला. त्यावर होते, ‘आज त्यांना आपल्याकडे बोलवा. मीठ बेताने टाका.’ वन्सं कितीतरी दिवसांनी हसल्या.

शनिवार आणि रविवार त्यांनी मुद्दाम राखून ठेवले आहेत. शनिवारी बागेतला बाक आहे. रविवारच्या तिकिटावर फक्त ‘प्रवासी’ लिहिले आहे, पुढची जागा कोरी आहे. आकडा वन्संनी घालायचा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या उशाशी माझ्यासारखा डबा असेल, तर त्याच्याशी खेळू नका, आणि कप्पा रिकामा दिसला म्हणून मनाने भरू नका. ज्याने औषध दिले त्यालाच विचारा. पण डबा ज्याचा आहे, त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. आणि त्याच्यासाठी जो ताट झाकून बसतो ना, त्यालाही विचारा, जेवलात का?