डिसेंबरातली घरची मॅच

टीव्हीवरच्या बाईनं कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, यादीतलं आठवं नाव उच्चारलं आणि लॉयलच्या कॉफीच्या दुकानात एकच कल्ला झाला. आठवा नंबर आल्डन कॉलेजचा! पाच ते आठ नंबरवाल्यांना पहिली मॅच घरी, म्हणजे प्लेऑफची पहिली मॅच आल्डनच्याच मैदानावर, येत्या वीस तारखेला. कुणीतरी टेबलावर अशी मूठ आपटली की पॅनकेक बशीतून उडाले. म्हातारा लॉयल काउंटरवरून उडी मारायला निघाला आणि गुडघा आठवल्यावर थांबला. खिडकीजवळ बसलेला वेंडल क्रूगर तेवढा तोंड उघडं टाकून टीव्हीकडे बघत होता.

खरं तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा हक्क त्याचाच होता. वेंडल धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायचा आणि दर हंगामात कॉलेजच्या मॅचना मैदानाच्या कडेला साखळीचा दांडा धरून उभा राहायचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो, नाहीतर तो समोरच्यांकडे जातो. तेवढा गेला की नाही, अशी शंका आली की दोन दांड्यांमधली ती दहा यार्डांची साखळी आत न्यायची, ताणायची आणि पंचांना दाखवायची. हे काम त्यानं जवानीपासून केलं.

आणि याच टेबलावर वर्षानुवर्षं त्याचं एकच पालुपद. प्लेऑफ चार संघांची कसली, बारांची करा. पहिली फेरी दूरच्या उबदार शहरांत कशाला, ज्यांनी मॅच कमावली त्यांच्या अंगणात घ्या, बर्फ पडला तर पडू दे. पोरांना तीन-तीन आठवडे बसवून गंजवू नका. लोक हसायचे, संघ निवडणाऱ्या कमिटीला तुझा फोन नंबर देऊ का म्हणून लॉयल टोमणा मारायचा. बसवून ठेवण्याचं अजून सुधारलं नव्हतं, पण बारा संघ झाले होते आणि पहिली फेरी अंगणात आली होती.

घोळ एवढाच, की वेंडलचा निरोपसमारंभ उरकून गेला होता. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार म्हणजे घरचा हंगाम संपला, हे आल्डनच्या हाडीमाशी इतकं भिनलेलं, की सुरुवातीलाच दोन मॅच हरलेला संघ डिसेंबरात घरी खेळेल हे खुद्द वेंडलच्याही डोक्यात आलं नाही. खांदा दुखतो म्हणून त्यानंच सुट्टी मागितली. मैदानाच्या मध्यावर उभं करून त्याला चेंडू दिला, बँड वाजला आणि त्यानं साखळीवाल्याचं जाकीट मार्नीच्या हाती दिलं. मार्नी पोस्टात कामाला, कित्येक वर्षं साखळीवर बदली म्हणून ताटकळलेली.

"घाई नडली रे," लॉयल कॉफी ओतत म्हणाला.

वेंडल कॉफी अर्धी टाकून उठला. घरी येऊन त्यानं अर्डिसला, बायकोला, सगळं सांगितलं आणि मग दिवसभर एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेनं सांगत राहिला. मार्नीला एक फोन कर, असं अर्डिसनं सुचवलं. त्यानं दोनदा फोन उचलला आणि दोनदा तिला नुसतं हवामान विचारून ठेवून दिला. त्याला ती मॅच हवी होती, इतकी हवी होती की जेवण गोड लागेना.

मॅचच्या आठवड्यात गुरुवारी मार्नी आपणहून आली, जाकीट पिशवीत घालून.

"घ्या, वेंडल. तुम्ही एवढी वर्षं असल्या मॅचसाठी भांडलात. ही मॅच तुमची."

"आणि तू?"

"मी पुढच्या सप्टेंबरपासून. मला कुठे पळून जायचंय?"

वेंडलनं लाजायचं नाटकसुद्धा केलं नाही. जाकीट तिथल्या तिथे अंगात चढवलं, चेन वर ओढली आणि आरशासमोर पोरासारखा वळून वळून पाहू लागला. अर्डिस हसली. मार्नीही हसली, पण तिची नजर जाकिटावरून हलेना.

"तुला बघायला आईला बोलावलं असशील," तो आरशातूनच म्हणाला.

"ती निघालीसुद्धा. बसनं येतेय. असू दे हो, मॅच बघेल."

वेंडलनं चेन खाली ओढली.

"हा खांदा वर जात नाही गं. दांडा तिरका धरला तर सगळ्या देशासमोर माझी शोभा होईल. ने ते."

खरं म्हणजे आठव्या नंबरची बातमी आल्यापासून त्या खांद्याला एकदाही कळ आली नव्हती. मार्नी गेल्यावर अर्डिसनं त्याला खोटारडा म्हटलं आणि त्याच्यापुढे सफरचंदाच्या पायची मोठी फोड ठेवली.

मॅचच्या दिवशी असा गारठा होता की बँडवाल्यांचे कर्णे गोठले. वेंडल जन्मात पहिल्यांदा मॅचला प्रेक्षकांत, अर्डिसच्या शेजारी, एका घोंगडीत बसला होता. शेवटच्या मिनिटाला आल्डन दोन गुणांनी मागे, आणि त्यांच्या चौथ्या, शेवटच्या प्रयत्नात चेंडू नेमका दहा यार्डांच्या आसपास अडला. पंचांनी साखळी मागवली.

मार्नी पळत आत आली. तिनं दांडा रोवला, साखळी ताणली. घोंगडीखाली वेंडलच्या मुठी वळल्या. चेंडूचं नाक दांड्याच्या बोटभर पुढे होतं; चेंडू आल्डनकडेच राहिला.

मग जो गदारोळ उठला त्यात शेजारचा लॉयल गुडघा विसरून बाकावर चढला. लोक संघाच्या नावानं ओरडत होते. वेंडल उभा राहिला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "मार्नी! मार्नी!"

तिला ऐकू गेलं असावं, कारण तिची पावलं क्षणभर अडखळली. पण कामावरच्या साखळीवाल्यानं गर्दीकडे बघायचं नसतं. दांडा सरळ धरून ती मैदानाच्या कडेला आपल्या जागी जाऊन उभी राहिली.