दहा वेळा वाजलेली घंटा

चाचणी विभागात तिला सगळे पंच म्हणत. कुणाचा प्रोग्राम चालला आणि कुणाचा आपटला हे तिनं सांगायचं, की त्यावर मग कुणी हूं का चूं करत नसे. बारा वर्षं हेच काम. पूर्वी तिला त्या नावाचा चांगला तोरा होता. गेले आठ महिने मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. डबा खायची, कुणी विनोद केला तर वेळेवर हसायची, घरी जाऊन कपड्यांच्या घड्या करायची. आई गेली तेव्हा एकदा रडून मोकळी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. दात काढण्याआधी गाल बधिर करतात ना, तशी आतून झाली होती.

आता हे काम काय, तर कर्नल तपासणं. फौजेतला कर्नल नव्हे हो! कॉम्प्युटरच्या पोटात बसलेला मुख्य कारभारी. प्रोग्रामला फाइल उघडायची असो की घटकाभर थांबायचं असो, त्यानं ह्या कारभाऱ्याच्या खिडकीवर येऊन मागायचं. ह्या मागण्याला म्हणतात सिस्टिम कॉल. खिडकी एकच, पण प्रोसेसर बदलला की मागायची रीत जराशी बदलते, आणि सगळी रड तिथेच असते. म्हणून तिच्या खोलीत भिंतीला लागून सहा वेगवेगळ्या प्रोसेसरचे सहा बोर्ड होते. सगळ्यात जुन्याचं नाव आजोबा. तापायचा, त्याचा पंखा घरघरायचा, आणि उत्तर द्यायला मनात येईल तेवढा वेळ घ्यायचा.

येत्या शुक्रवारी आजोबांना रजा द्यायचं ठरलं. मॅनेजर म्हणाला, "वगळ-यादीतल्या त्याच्या ओळी काढून टाका." कुठली चाचणी कुठल्या बोर्डावर चालवायची नाही, त्याची ही यादी. तिथला नियम असा, की ज्यानं ओळ लिहिली त्यानंच ती काढायची, आणि काढण्याआधी ती चाचणी चालवून बघायची. बघत कुणीच नसे. तिनं बघितलं, कारण नियम मोडायलाही थोडा उत्साह लागतो आणि तिच्याकडे तेवढाही नव्हता.

ओळ एकच होती आणि ती तिचीच होती. तीन वर्षांपूर्वीची. 'थांबण्याची चाचणी. अधूनमधून अडकते. पुन्हा चालवली की पास. बोर्ड जुना आहे. वगळा.'

तिनं चाचणी शंभर वेळा लावली आणि चहा आणायला गेली. चाचणी अगदी साधी होती. कर्नलला सांगायचं, अर्धा सेकंद थांब आणि परत ये. चहा घेऊन आली तर अडतिसाव्या वेळेला आजोबा जे थांबले होते ते थांबलेच होते. बंद करून पुन्हा चालू केलं. सुतासारखा सरळ! तीन वर्षांपूर्वी ती नेमकी इथपर्यंत येऊन उठली होती.

बोर्डांची देखभाल करणारे काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेजारी उभे होते. "काढू का गं ह्याला? हा प्रोसेसर आता वापरतंय तरी कोण!"

"कुणीच नाही," असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. मग ती म्हणाली, "थांबा काका. घंटेच्या डब्यात आहे."

काकांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिनं काढून घेतला.

घंटेचा डबा तिनंच आईसाठी दादाच्या घरी नेला होता. आईचा तोल जायचा. पलंगाशेजारी एक चटई अंथरायची, डबा दर अर्ध्या सेकंदाला ती तपासायचा, आईचा पाय तिच्यावर पडला की दादाच्या खिशातली घंटा वाजायची. "आपल्याच कर्नलवर चालतो, डोळे झाकून घे," असं तिनं दादाला सांगितलं होतं. दादानं आईसाठी नोकरी सोडली होती. भरदुपारी आई उठली, पडली, खुबा मोडला, आणि वीस दिवसांत दवाखान्यातच गेली. दादा सांगत राहिला, "मी गच्चीवर कपडे काढत होतो. जागा होतो. घंटा वाजलीच नाही."

तेव्हा मामा तिला म्हणाले होते, "तू पंच ना? मग कर निकाल."

तिनं केला. धावपळीत कुणीतरी डब्याची वायर उपटून ठेवली होती, ती तिनं जोडली आणि चटईवर दहा वेळा पाय ठेवला. घंटा दहाच्या दहा वेळा वाजली. "डब्यात काही दोष नाही," ती म्हणाली. खोलीत सगळे दादाकडे बघायला लागले. मामा म्हणाले, "डोळा लागला असेल, कबूल कर ना बाबा. माणूस आहेस."  महिन्याभरानं मात्र दादाच म्हणायला लागला, की हो, लागला असेल डोळा. पुढं पुढं तर त्याला ती झोप आठवायलासुद्धा लागली. खुर्चीत बसलो होतो, म्हणायचा, तोंडावर पेपर होता.

तिनं जेवणाची सुट्टी घेतली नाही. दोन दिवस आजोबांसमोर बसून राहिली आणि बुधवारी दुपारी चोर सापडला. प्रोग्राम आपला आकडा एका मोठ्या कप्प्याच्या खालच्या अर्ध्यात ठेवतो. वरचा अर्धा रिकामा हवा. बाकीचे पाच प्रोसेसर तो स्वतःच पुसून घेतात. हा एकटा पुसत नाही, इथे कर्नलनं पुसायचा असतो. बाकी सगळीकडे पुसला होता, आणि ह्या एका कॉलमध्ये राहून गेला होता. फळ्यावर आज पाच लिहावेत आणि डावीकडे कालचे आकडे तसेच राहावेत, असा प्रकार. बहुतेक वेळा डावीकडे काही नसतंच, म्हणून सगळं ठीक. पण एखाद्या वेळी तिथं उष्टंखरकटं काही राहतं आणि अर्ध्या सेकंदाची कित्येक वर्षं होतात. डबा तेवढी वर्षं थांबतो. चालू असल्याचा दिवा हिरवाच राहतो. वायर काढून लावली की शहाण्यासारखा वागतो.

तिनं मुद्दाम वरचा अर्धा कचऱ्यानं भरला आणि चाचणी शंभर वेळा चालवली. शंभरच्या शंभर वेळा नापास. गंमत म्हणजे तेव्हाही तिला काही वाटलं नाही. ती फक्त पडद्याकडे बघत होती. काकांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तर म्हणाली, "काही वाटतच नाहीये, काका."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. "शुक्रवारी जाणाऱ्या बोर्डाचं मढं आज कशाला उकरतेस?"

"चार हजार डबे घराघरांत आहेत. प्रत्येकाच्या शेजारी कुणाची तरी आई झोपलीय."

 तक्रारीचा कागद मॅनेजरनं वाचायला घेतला आणि एका रकान्यापाशी अडला. 'प्रथम कुणी कळवलं' ह्याच्यापुढे तिनं लिहिलं होतं: 'माझा भाऊ, आठ महिन्यांपूर्वी. मी तपासून दोष नाही म्हटलं. माझी चूक.'

"हे असं लिहितात का?"

"जे झालं ते लिहितात," ती म्हणाली. त्यानं सही केली आणि डबे परत मागवायची नोटीस निघाली. तो कागद घेऊन ती भर दुपारीच दादाकडे गेली.

दादा ताठ खुर्चीत बसला होता. त्या दिवसापासून दुपारी तो पाठ टेकत नसे. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "अगं, आत्ता कशी काय?" असं म्हणून चहा ठेवायला उठायला लागला. "बस दादा," म्हणून तिनं कागद त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. कप्पा, फळा, हिरवा दिवा, आणि तीन वर्षांपूर्वीची ती ओळसुद्धा. काही लपवलं नाही.

त्यानं त्या एका रकान्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नव्हतास."

"पण मला आठवतंय गं. पेपर होता तोंडावर."

"तू गच्चीवर होतास. पहिल्या दिवशी तूच सांगितलं होतंस."

"निळी चादर होती," तो हळूच म्हणाला. "वाऱ्यानं दोरीला गुंडाळली गेली होती, सुटता सुटत नव्हती." आणि मग तो एकदम ओरडला, "आठ महिने! आठ महिने मी आईची माफी मागतोय! तुझ्या शब्दावर स्वतःला खोटं ठरवलं मी! दहाच वेळा पाय ठेवलास आणि मला फासावर चढवलंस!"

"हो," ती म्हणाली.  

दादानं तोंड दोन्ही हातांनी पुसलं. "मामांना फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर."

तिनं लावला. मामांनी निम्मं ऐकलं आणि म्हणाले, "बरं बरं, झालं गेलं. आता उकरून काय उपयोग, पोरी?"

 तेव्हा कुठं तिचा आवाज फाटला, आणि आठ महिने न आलेलं रडू घळाघळा आलं. फोन तिनं खाली ठेवला नाही.

"नाही मामा, झालं गेलं नाही. तुम्ही नीट ऐका."

दादा तिच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "स्पीकरवर टाक. मलाही ऐकू दे."

तिनं स्पीकर लावला, नाक पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "दादा गच्चीवर होता. जागा होता."