दसऱ्याचा दोरा

"आज जे झालं ना, त्याच्यावर कुणाचा इश्वास बसणार नाय. लावा पैज!" असं म्हणतच मी कृष्णाच्या पुंडलिकनगरातल्या खोलीत शिरलो.

कृष्णा खाटेवर. उजवा हात खांद्यापर्यंत गुंडाळलेला. त्याची बायको दीपमाला दारातच उभी होती, सकाळपासून उभीच असावी.

"तात्या, दिला का जबाब?"

"आधी पाणी तर दे."

चिकलठाण्याच्या बेकरीत आम्ही दोघं एकाच मशीनवर, पावाचं पीठ मळायला. झाकण उघडलं की मशीन थांबावं म्हणून तिला एक बटण आहे. दसऱ्याच्या पूजेत कुणीतरी ते बटण लाल दोऱ्यानं दाबून बांधलं. झाकण उघडंच ठेवून काम भराभर उरकायला लागलं, सगळे खूश. पुढं धास्ती वाटली तरी दोरा सोडणार कोण? पूजेचा दोरा! शेवटी त्या उघड्या तोंडानं कृष्णाचा हात आत ओढला.

आता शेठ म्हणतो, हात घरी मोडला. विमा मिळायचा तर बघणाऱ्यानं विम्याच्या साहेबांपुढं सांगायला पाहिजे. बघणारा मी एकटा. बोलावणं आजचं, आज नाही गेलो तर शेठचंच खरं धरणार.

"साहेब उठून उभे राहिले, दीपमाले! म्हणले, या पुंजाराम, खुर्चीवर बसा. मी बोलायला लागलो तसा वरचा पंखा आपोआप थांबला. शिपाई तर पार हमसून हमसून रडला."

"सही केली का पण?"

"सहीचं काय घेऊन बसली! साहेबांनी शेठला फोन लावला, असा झापला, असा झापला, की फोन तापून टेबलावर डाग पडला. मी डोळ्यानं पाहिला ना डाग!"

कृष्णा हसला. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच. मग मला लईच चेव आला.

"आन् शेठ काल सगळ्यांना म्हणला होता ना," कृष्णा म्हणाला, "जबाबाला जाईल त्यानं परत येऊ नये?"

"त्याला मी भितो व्हय? दिवसभर हापिसात ठाण मांडलं. बेकरीचं तोंड पाहिलं नाय!"

दीपमालेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी हात लावला तरी तिनं सोडला नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग पदराचं टोक धरून तिनं माझी भुवई पुसली.

"वय झालं बाई, पिकल्यात," मी म्हणालो.

तिनं पदर दिव्याखाली धरला.

"पिकलेली भुवई पदराला लागत नाय, तात्या. ह्यांच्या बघा, घरी बसल्यापासून काळ्याभोर. हा मैदा हाय, आजचा. तुम्ही जबाबाला गेलाच नाय, कामावर गेलता."