भोपाळचा गोल आणि माधवगंजचा मलखांब

मित्रांनो, मी एक जुना मलखांब आहे. सुताराने मला शिसवाच्या खोडातून घडवले आणि ग्वाल्हेरात माधवगंजच्या तालमीत पुरले. वस्ताद सूर्याजी मला रोज एरंडेल चोळत. ते संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झाले, ते घरी बसले, आणि मोहल्ल्यातल्या पोरांचा फुटबॉल संघ त्यांनी हाती घेतला.

पोरे कचेऱ्यांत कारकुनी करणारी. चेंडू झकास खेळवत, पण धक्का लागला की कोलमडत. त्यातही शरच्चंद्र फार. वस्ताद त्याला म्हणाले, "पाय मजबूत आहेत रे तुझे. कंबर कच्ची आहे. धक्का तिथंच बसतो."

मग पोरे माझ्यावर चढू लागली. मांड्यांनी मला कवळून उलटे लटकायचे आणि पोटाच्या जोरावर अंग वर उचलायचे. शरच्चंद्र धपकन घसरे. "वस्ताद, पेट में बल पड़ गया!" असे पोट धरून ओरडे. वस्तादांचा पुतण्या मल्हार त्याला खालून हात देई. हळूहळू शरच्चंद्र मैदानात असा पाय रोवून उभा राहू लागला, की धडकणाराच पडे. संघ जिंकला तेव्हा पोरांनी मलाही हार घातला.

छप्पन्न साली राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली. कचेऱ्या गेल्या, त्यांच्यामागे निम्मा संघ गेला. उरलेल्यांपैकी मल्हार काही दिवस एकटाच येई. मग तोही थांबला.

पुढे भोपाळचा संघ ग्वाल्हेरला खेळायला आला. त्यात शरच्चंद्र होता. चेंडूसाठी तो ग्वाल्हेरकडून खेळणाऱ्या मल्हारला खांद्याने भिडला. मल्हार उताणा पडला, त्याचा गुडघा कायमचा गेला. शरच्चंद्र जराही डगमगला नाही. त्याने गोल केला.

संध्याकाळी तो तालमीत येऊन वाकला. वस्तादांनी पाय मागे घेतले.

"वस्ताद, खेळात होतं असं. मुद्दाम नाही केलं मी."

"ठाऊक आहे. मल्हारला भेटलास?"

"आता गाडीची वेळ झाली. पुढच्या खेपेला नक्की."

"मग जा. गाडी चुकेल."

तो गेला. ती पुढची खेप कधी आली नाही. वस्तादांनी त्यानंतर मला हात लावला नाही, आणि एके दिवशी तेही गेले. आता शेजारच्या बायका मला दोरी बांधून कपडे वाळवतात. त्यांच्याच बोलण्यातून कळते, की मल्हार दौलतगंजात राहतो आणि एकेका पायरीवर बसत जिना चढतो.

मित्रांनो, मला तेल नाही लावले तरी चालेल. मी लाकूड आहे. पण मल्हार अजून आहे. कोणीतरी त्याच्याकडे जा.